इवान बाहऱ्यानी यांचं निर्भीड लेखन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इवान बाहऱ्यानी कोण होते?

युक्रेनियन कवी, कादंबरीकार, पत्रकार आणि निर्वासितांच्या राजकारणातले एक मोठे कार्यकर्ते. जन्म २ ऑक्टोबर १९०६, गाव ओख्तिर्का. हे गाव आज युक्रेनच्या सुमी प्रांतात येतं. वडील गवंडी. मूळ आडनाव लोझोव्याहिन. 'बाहऱ्यानी' हे टोपणनाव आणि त्याचा अर्थ 'किरमिजी'. कीव्हच्या कला संस्थेत चित्रकला शिकले, पण पदवी मिळाली नाही. दोनदा अटक, रशियाच्या अतिपूर्वेला हद्दपारी, खार्किवच्या तुरुंगात क्षयाची लागण, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनीत आश्रय, असं हे आयुष्य. २५ ऑगस्ट १९६३ रोजी जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागात, झांक्ट ब्लाझियन इथल्या आरोग्यधामात त्यांचं निधन झालं. कबर नोय-उल्म गावात आहे.

जुन्या संदर्भग्रंथांत जन्मवर्ष १९०७ छापलेलं दिसतं. लेख लिहिताना १९०६ घ्या.

त्यांना 'निर्भीड' म्हणण्याचं कारण काय? सोव्हिएत राजवटीवर टीका तर पुष्कळांनी केली.

केली, आणि बहुतेकांनी मोघम केली. 'जुलूम', 'अंधार', 'रक्तपिपासू सत्ता' असे शब्द वापरायला फारशी किंमत मोजावी लागत नाही. बाहऱ्यानींची पद्धत वेगळी. ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यासारखे लिहितात : कोण, कधी, कुठे, किती वाजता, कुठल्या भाषेत शिवी दिली. त्यांचं साहस शोधायचं तर त्यांच्या विशेषणांत शोधू नका, नावांत आणि तपशिलांत शोधा. आवाज त्यांनीही चढवलाय, आणि जिथे चढवलाय तिथे लेखन सहसा पातळ झालंय. पण तपशील चुकला तर खोटं पाडता येतं. स्वतःला खोटं पाडण्याची सोय वाचकाच्या हातात देऊन ठेवणारा लेखक दुर्मीळ असतो.

'मी सोव्हिएत संघात परत का जाऊ इच्छित नाही?' ही पुस्तिका नेमकी कशाबद्दल आहे?

१९४६ ची काही पानांची पुस्तिका. समजून घ्यायची तर आधी पार्श्वभूमी हवी.

११ फेब्रुवारी १९४५ रोजी याल्टा इथे झालेल्या करारानुसार ब्रिटन आणि अमेरिकेने आपापल्या ताब्यातल्या सोव्हिएत नागरिकांना परत पाठवायचं ठरलं. कागदावर ते माणुसकीचं काम दिसतं. प्रत्यक्षात जर्मनीत वेठबिगारीला नेलेले मजूर, युद्धकैदी आणि राजवटीपासून पळालेले लोक, सगळे एकाच यादीत आले. परत गेलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला चौकशी, छावणी किंवा त्याहून वाईट काही आलं. ऑगस्ट १९४५ मध्ये केम्प्टन इथे अमेरिकी सैनिकांनी चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांना ओढून बाहेर काढलं. जानेवारी १९४६ मध्ये डाखाऊ इथे परत पाठवणीसाठी काढलेल्या कैद्यांपैकी काहींनी जीव दिला.

पाश्चात्य वाचकाला हे कळेना. युद्ध जिंकलेल्या आपल्याच देशात जायला हे लोक का घाबरतात? नक्कीच हिटलरचे हस्तक असणार, असं सोव्हिएत अधिकारी सांगत होते आणि पुष्कळांना ते पटत होतं. त्याच वेळी न्यूरेंबर्गमध्ये सोव्हिएत न्यायाधीश नाझींचा न्याय करत बसले होते. अशा काळात, अमेरिकी ताब्यातल्या भागात बसून, मित्रराष्ट्राच्या तुरुंगांबद्दल लिहायचं म्हणजे दोन्ही बाजूंना नकोसं बोलायचं होतं. ही पुस्तिका ते बोलते, आणि पुढे इंग्रजीसह अनेक भाषांत गेली.

पुस्तिकेत असं काय लिहिलंय?

लेखक सुरुवातीलाच सांगतो की परत जायला नकार देऊन जगाला चकित करणाऱ्या लाखो लोकांपैकी मी एक आहे. पुढे म्हणतो, बेवारस कुत्र्यासारखा युरोपभर भटकतो आहे आणि परत पाठवणीच्या पथकांपासून पळतो आहे. सोबत सायनाइडची मात्रा बाळगतो, शेवटचा बचाव म्हणून. या वाक्यात कुठेही दयेची याचना नाही, हे लक्षात घ्या. प्रवासात छत्री घेतली इतक्या कोरडेपणाने ते सांगितलंय.

मग येतो १९२० चा प्रसंग. आजोबा ९२ वर्षांचे, एका हाताने अपंग, मधमाश्यांच्या पेट्या सांभाळणारे. पेट्यांच्या मधोमध एक जुनं लिंडेनचं झाड आणि त्यावर झोसिमा आणि साव्वाती या संतांचं छोटं चित्र. हे दोघे मधमाश्या पाळणाऱ्यांचे पाठीराखे मानले जातात. मुलाला आजोबा त्या चित्रातल्या संतांसारखेच दिसायचे. संध्याकाळच्या सुमाराला परकी भाषा बोलणारी हत्यारबंद माणसं आली. त्यांनी नातवंडांच्या डोळ्यांदेखत आजोबांना आणि एका काकाला संगिनींनी भोसकलं, पडलेल्या देहांवर पिस्तुलं झाडली, हसले. चित्राच्या आजूबाजूला सगळीकडे रक्त उडालं.

'बोल्शेविकांनी शेतकऱ्यांवर अत्याचार केले' या वाक्याच्या जागी एक हात, एक झाड, एक चित्र. बाकीची पुस्तिका याच चालीने जाते : शेतीचं सामूहिकीकरण, १९३२-३३ चा दुष्काळ, अटका, छावण्या.

'रोदिना' हा शब्द ते अवतरणचिन्हांत का ठेवतात?

पुस्तिकेतला हा सगळ्यात बारीक आणि सगळ्यात धारदार भाग आहे, आणि भाषांतरात हाच पहिला मरतो.

रशियनमध्ये 'रोदिना' म्हणजे मायदेश. युक्रेनियनमध्ये जवळपास तसाच दिसणारा शब्द आहे, पण त्याचा अर्थ 'कुटुंब'. मायदेशासाठी युक्रेनियनमध्ये निराळे शब्द आहेत. बाहऱ्यानी युक्रेनियन मजकुरात मुद्दाम रशियन उच्चाराचं स्पेलिंग वापरतात आणि वर अवतरणचिन्ह लावतात. म्हणजे वाचकाला प्रत्येक वेळी जाणवावं की हा शब्द आमचा नाही, आमच्या गळ्यात अडकवलेला आहे. तसं करण्याचं कारणही ते त्याच जागी सांगतात : हा शब्द आमच्यासाठी भयंकर अर्थाने भरलेला आहे. शेवटाकडे स्वतःच्या देशाबद्दल बोलताना मात्र ते दुसरा, स्वतःचा शब्द वापरतात आणि तिथे अवतरणचिन्ह नसतं.

शीर्षकातही तोच खेळ. युक्रेनियनमध्ये सोव्हिएत संघाचं संक्षिप्त रूप 'एसआरएसआर' होतं, कारण 'सोव्हिएत'साठी 'राद्यान्स्की' हा देशी शब्द वापरला जाई. बाहऱ्यानी आणि त्यांच्यासारखे निर्वासित लेखक तो देशी शब्द द्यायला तयार नव्हते. 'रादा' म्हणजे सभा, ती आमची चांगली परंपरा. या राजवटीला ते नाव कशाला? म्हणून शीर्षकात रशियन 'एसएसएसआर'.

पुस्तिकेत ते आपलं वय ३५ सांगतात. १९४६ मध्ये ते चाळिशीला आले होते. मग हे सत्यकथन कसलं?

रास्त प्रश्न. वय जुळत नाही. १९२० मध्ये ते 'दहा वर्षांचे' होते हेही जुळत नाही; तेव्हा ते तेरा-चौदाचे होते.

त्या काळी निर्वासितांच्या छावण्यांत नाव, वय, जन्मगाव बदलणं ही जगण्याची साधी अट होती. १ सप्टेंबर १९३९ पूर्वी पोलंडचे नागरिक असलेल्या पश्चिम युक्रेनियनांना पाश्चात्य राष्ट्रं जबरदस्तीने परत पाठवत नव्हती. त्यामुळे पूर्वेकडचे लोक खोटे कागद करून, पश्चिमेकडच्या गावांची माहिती पाठ करून, तिकडचे असल्याचं सांगत. स्वतःच्या नावाने असलं लिखाण छापणाऱ्याने ओळखीचे दोन-चार धागे विस्कटून ठेवले असतील तर नवल नाही. शिवाय पुस्तिकेतला 'मी' हा अनेकांच्या वतीने बोलणारा 'मी' आहे. तिचा बाज जाहीर निवेदनाचा आहे.

तरीही चरित्राचा पुरावा म्हणून तिच्यातली वयं आणि वर्षं जशीच्या तशी उचलू नका. अनेक लेखांत ही चूक होते आणि मग तारखांचा मेळ बसत नाही.

देश सोडण्यापूर्वीही ते असंच लिहीत होते का?

हो, आणि हे फारसं सांगितलं जात नाही. परदेशात गेल्यावर धाडस आलं, असं नव्हे.

१९२९ मध्ये त्यांनी 'आवे मारिया' हे दीर्घकाव्य सेन्सॉरला वळसा घालून स्वतःच छापलं. प्रकाशनसंस्थेचं नाव टाकलं 'साम', म्हणजे 'स्वतः'. अर्पणपत्रिका बंडखोरांना, गुलाम म्हणून जन्मून गुलाम राहू न इच्छिणाऱ्या सर्वांना आणि 'माझ्या गरीब आईला'. प्रस्तावनेत मित्राला विनवलंय की मला कवी म्हणू नकोस. तो शब्द आता रंग बदलणाऱ्या सरड्यांसाठी आणि संधिसाधूंसाठी वापरला जातो, मला फक्त माणूस व्हायचंय. १९२९ च्या सोव्हिएत युक्रेनमध्ये, जिथे लेखकांवर रोज नवी बंधनं येत होती, तिथे बाकीच्या सगळ्या कवींबद्दल हे छापणं म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालणं. पुस्तक जप्त झालं. १९३० ची पद्यकादंबरी 'स्केल्का' अठराव्या शतकातल्या एका गावाच्या मठाविरुद्धच्या उठावावर होती. वाचणाऱ्याला समजायचं ते समजलं.

१६ एप्रिल १९३२ रोजी खार्किवमध्ये अटक. आरोप : साहित्यकृतींमधून प्रतिक्रांतिकारक प्रचार. म्हणजे आरोपपत्रात चक्क कवितांची नावं. अकरा महिने एकांतकोठडी आणि मग अतिपूर्वेला हद्दपारी. तिथून ओख्तिर्काला परतल्यावर १६ जून १९३८ रोजी पुन्हा अटक, आणि १९४० पर्यंत खार्किवचा खोलोद्ना होरा भागातला तुरुंग.

जाता जाता : युक्रेनियन कैद्यांबद्दल लिहिताना लोक प्रतिक्रांतिकारक गुन्ह्यांसाठी सरसकट 'कलम ५८' लिहितात. ते रशियन प्रजासत्ताकाच्या संहितेतलं कलम. सोव्हिएत युक्रेनच्या संहितेत त्याच अर्थाचं कलम ५४ होतं.

'गेथशेमाने बाग' या कादंबरीत खरी नावं आहेत, हे खरं का?

कादंबरी १९५० मध्ये आली, आणि सुरुवातीलाच लेखकाने जाहीर केलंय की यातल्या एनकेव्हीडीच्या सर्व अधिकाऱ्यांची, तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांची आणि मोजके अपवाद वगळता कैद्यांचीही नावं खरी आहेत. एनकेव्हीडी म्हणजे स्टालिनकाळातले गुप्त पोलीस.

कादंबरीकार साधारण उलटं लिहितो : सर्व पात्रं काल्पनिक, साम्य आढळल्यास योगायोग. त्या वाक्यामागे लपता येतं. बाहऱ्यानींनी ते दारच बंद केलं. छळणाऱ्यांची नावं छापली तेव्हा स्टालिन जिवंत होता. सोव्हिएत छावण्यांबद्दलचं पहिलं गाजलेलं पुस्तक खुद्द मॉस्कोत अधिकृतपणे छापलं जायला १९६२ उजाडावं लागलं. ही कादंबरी त्याच्या बारा वर्षं आधीची. १९६१ मध्ये तिचं फ्रेंच भाषांतर पॅरिसमध्ये निघालं.

पण नावं खरी आहेत म्हणून ती शब्दशः आत्मचरित्र ठरत नाही. नायक आंद्री चुमाक हा विमानांचा अभियंता. लेखक कधीच अभियंता नव्हते. चार भावांतला तो धाकटा. वडील वारल्यावर घरी येतो आणि पकडला जातो. कोणीतरी खबर दिली. कोणी? भावांपैकी एकाने? चौकशी अधिकारी हाच संशय त्याच्यावर हत्यारासारखा चालवतात. उत्तर शेवटी मिळतं, ते इथे सांगत नाही.

चौकशीचं वर्णन इतकं लांबलचक का आहे?

कारण लेखकाला यंत्र कसं चालतं ते दाखवायचंय. मारहाण हा त्या यंत्राचा एक भाग. मुख्य भाग कागद.

कैद्याकडून कबुलीजबाब हवा असतो आणि त्यात दोन रिकाम्या जागा भरायच्या असतात : तुला कटात कोणी ओढलं, आणि तू कोणाला ओढलंस? दुसऱ्या जागेत पाच नावं आली की पाच नवे कैदी. त्यांनी पाच-पाच दिली की पंचवीस. तिसऱ्या फेरीला सव्वाशे. म्हणून निरपराध असणं इथे कामाचं नसतं, आणि म्हणूनच गप्प राहणारा माणूस नुसता अवघड कैदी नसतो, तो साखळी तोडत असतो. अनेक कैदी युक्ती करत : मेलेल्यांची किंवा आधीच शिक्षा झालेल्यांची नावं देत. ती नेहमी खपत नसे.

नावं काढण्याची रीत म्हणजे 'कन्व्हेयर'. अधिकारी पाळ्यांनी बदलतात, कैदी तोच. दिवसरात्र झोप नाही, तासन् तास उभं ठेवणं. चौकशीची वाट पाहत कैद्यांना कोंबून ठेवायच्या जागेला कादंबरीत 'ब्रेखालिव्का' म्हटलंय. 'ब्रेखाती' म्हणजे थापा मारणं. एकट्यासाठी बांधलेल्या कोठडीत दोन डझनांहून जास्त माणसं कोंबलेली. इतक्या दाटीत झोपायचं कसं, कूस बदलायची तर कोणी सांगायचं, खिडकीजवळची जागा कोणाला, शौचाचं पिंप कोणाच्या डोक्याशी, हे सगळं तपशीलवार येतं. काही वाचकांना तिथे कंटाळा येतो. पुस्तकाचा खरा कस मात्र त्याच पानांत आहे, नायकाच्या भाषणांत नाही.

'वाघ पकडणारे' ही तर साहसकथा आहे. तिचा सत्यकथनाशी संबंध काय?

'तिहरोलोवी' म्हणजे जिवंत वाघ पकडणारे. १९४४ मध्ये ल्विवमध्ये 'झ्वीरोलोवी' या नावाने आधी प्रसिद्ध झाली आणि १९४६ मध्ये आजच्या नावाने पुस्तक निघालं.

पहिलं प्रकरण नीट वाचा. रात्रीच्या अंधारात एक अजस्र ड्रॅगन सैबेरिया चिरत चाललाय. ही कैद्यांची आगगाडी. त्याच लोहमार्गावरून मागून दुसरी गाडी धावतेय : नेगोरेलोये ते व्लादिवोस्तोक एक्सप्रेस, मऊ गाद्या, मद्य, हास्यविनोद. पहिल्या गाडीतून पंचवीस वर्षांची शिक्षा झालेला ग्रिगोरी म्नोहोह्रिश्नी धावत्या डब्यातून उडी मारतो. दुसऱ्या गाडीत त्याला छळलेला एनकेव्हीडीचा मेजर मेद्विन बसलाय, वाघांच्या शिकारीचे बेत करत. एका देशाचे दोन डबे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवले असतील.

पुढची कथा सीखोते-आलिनच्या जंगलात, सिरको कुटुंबात घडते. हे कुटुंब अतिपूर्वेत वसलेल्या युक्रेनियन शेतकऱ्यांच्या वंशातलं. आमूर आणि उस्सुरी नद्यांकाठच्या त्या वसाहतींना 'झेलेनी क्लिन', म्हणजे 'हिरवा पट्टा', म्हणत. हद्दपारीत लेखकाने हा मुलूख जवळून पाहिला होता. नायकाचं आडनावही कल्पनेतून आलेलं नाही : देमियान म्नोहोह्रिश्नी नावाचे युक्रेनियन कोसॅकांचे सरदार सतराव्या शतकात सैबेरियाला हद्दपार झाले होते. आडनावाचा अर्थ 'फार पापं केलेला'.

या कादंबरीतलं एक वाक्य प्रसिद्ध आहे : धाडस्यांना नेहमी दैव साथ देतं. युक्रेनमध्ये शाळकरी मुलंही ते म्हणतात. लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यावर ते फारसं लागू पडलं नाही.

ते फक्त मॉस्कोविरुद्धच बोलत होते की आपल्या लोकांनाही सुनावत होते?

आपल्यांना सुनावणं जास्त महाग पडलं, असं म्हणायला जागा आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये नोय-उल्म इथे त्यांनी 'उक्राइन्स्की विस्ती' हे वृत्तपत्र सुरू केलं आणि पुढे युक्रेनियन क्रांतिकारी लोकशाही पक्ष उभा केला. त्यांची भूमिका अशी : उद्याचं स्वतंत्र युक्रेन छावण्यांत बसलेले आपण निर्वासित घडवणार नाही, तिकडे राहिलेले लोक घडवतील, आणि त्यांत कोम्सोमोल या कम्युनिस्ट युवक संघटनेत आणि कम्युनिस्ट पक्षात असलेलेही येतील. प्रत्येक पक्षसदस्य शत्रू नव्हे.

निर्वासितांमधल्या कडव्या राष्ट्रवादी गटांना हे विषासारखं वाटलं. बाहऱ्यानींनी त्यांच्या एकपक्षीय, हुकूमशाही वळणावरही उघड टीका केली आणि वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या. ते वर्तमानपत्र मात्र टिकलं. १९७८ मध्ये डेट्रॉइटला गेलं आणि २००० पर्यंत निघत राहिलं.

त्यांच्या लेखनातले दोष कोणते?

नायक जरा जास्तच पोलादी. आंद्री आणि ग्रिगोरी मोडतच नाहीत. खऱ्या तुरुंगांत बहुतेक माणसं मोडली, आणि त्यांना समजून घेणारी पानं कमी आहेत. स्त्रीपात्रं बऱ्याचदा नायकाची वाट बघण्यापुरती. भावनेचा पूर आला की उद्गारचिन्हांची माळ लागते. पुस्तिकेत रशियन माणूस आणि रशियन सत्ता यांची कधी कधी गल्लत होते. कोठडीतल्या प्रसंगांत मात्र वेगवेगळ्या राष्ट्रांचे कैदी एकत्र येतात आणि तिथे लेखकाची नजर जास्त न्यायी आहे.

जर्मन ताब्याच्या काळात त्यांनी ओख्तिर्काच्या स्थानिक वृत्तपत्रात काम केलं, हेही चरित्रातून वगळू नये. ताबा घेतलेल्या सैन्याच्या परवानगीशिवाय तेव्हा काही छापलं जात नव्हतं.

सोव्हिएत सत्तेने काय उत्तर दिलं?

१९५५ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये 'मायदेशी परता' मोहिमेची समिती स्थापन झाली : वृत्तपत्र, रेडिओ, घरच्यांची पत्रं. बाहऱ्यानींचा पहिल्या लग्नाचा मुलगा तिकडेच राहिला होता. त्याला रेडिओवरून वडिलांविरुद्ध बोलायला लावलं. बाहऱ्यानींनी १९५६ मध्ये 'अंतोन बिदा, श्रमवीर' हे उपहासकाव्य लिहून त्या मोहिमेची टर उडवली. 'बिदा' म्हणजे संकट, हालअपेष्टा. मुलाला दोष देणारं काही त्यांनी केलं नाही, आणि हे आम्हाला त्या काव्यापेक्षा मोठं वाटतं.

ते कधी परत गेले का?

नाही. पुस्तिकेच्या शेवटी त्यांनी परतीची अट घातली होती : गेस्टापोच्या, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या, मागोमाग एनकेव्हीडीही जाईल तेव्हा, छावण्यांतल्या आणि परदेशातल्या लाखो भावाबहिणींसोबत येईन. १९९१ मध्ये त्यांच्यावरचे आरोप अधिकृतपणे रद्द झाले आणि १९९२ मध्ये 'गेथशेमाने बाग' आणि 'तिहरोलोवी' या दोन कादंबऱ्यांसाठी युक्रेनचा शेवचेंको पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.

मराठी वाचकाने कुठून सुरुवात करावी?

आधी पुस्तिका. तासाभरात संपते. मग 'तिहरोलोवी'. जॉर्ज लुत्स्की यांचं इंग्रजी भाषांतर १९५४ मध्ये टोरांटोहून निघालं. त्याचं नाव मूळ नावाचा शब्दशः अनुवाद नाही, 'शिकारी आणि शिकार' अशा अर्थाचं आहे, त्यामुळे मूळ नावाने शोधलं तर ग्रंथालयाच्या यादीत सापडत नाही. वाचताना पॅसिफिककडचा नकाशा जवळ ठेवा : व्लादिवोस्तोक, सीखोते-आलिन, मांचुरियाची हद्द. नकाशा नसेल तर शेवटचा पाठलाग कळत नाही.

'गेथशेमाने बाग' शेवटी. सलग वाचू नका, दोन-तीन प्रकरणांनंतर थांबा, आणि पात्रांची नावं एका कागदावर लिहीत जा. नाहीतर शंभर पानांनंतर कोण कैदी आणि कोण अधिकारी यात गोंधळ उडतो.

नावं देवनागरीत कशी लिहावीत?

रशियन 'ग' च्या जागी युक्रेनियनमध्ये बहुधा 'ह' येतो. म्हणून रशियन वळणाने 'बाग्र्यानी', युक्रेनियन वळणाने 'बाहऱ्यानी'. लेखक युक्रेनियन, तेव्हा 'ह'. (वर आम्हीच नायकाला 'ग्रिगोरी' म्हटलंय, ते रशियन रूप, युक्रेनियन उच्चार 'ह्रिहोरी'. मराठी जिभेवर सलग दोन 'ह' बसत नाहीत म्हणून ही सवलत घेतली.) आपल्याकडच्या 'सुऱ्या', 'दऱ्या' मधला चंद्रकोरी 'ऱ्य' या आडनावाला अगदी चपखल बसतो, हिंदीत ती सोय नाही. तसंच 'खार्कोव' नको, 'खार्किव'. 'ल्वोव' नको, 'ल्विव'. कादंबरीच्या नावासाठी मराठी बायबलमधलं 'गेथशेमाने' हेच रूप वापरा, नवीन घडवू नका.

मराठीत भाषांतर करायचं असेल तर अडचण कुठे येते?

पहिली 'रोदिना'ची. तिथे 'मातृभूमी' लिहिलं की सगळं संपलं, कारण तो शब्द आपल्याला प्रिय आहे आणि लेखकाला हा शब्द परका वाटायला हवा होता. 'रोदिना' तसाच ठेवा, अवतरणचिन्हांसकट, आणि पहिल्या वेळी एका वाक्यात खुलासा करा. शेवटी येणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या शब्दासाठी 'मायभूमी' मोकळा राहतो.

दुसरी लेखनपद्धतीची. निर्वासितांची जुनी छपाई १९२८ च्या खार्किव लेखननियमांनुसार आहे, कीव्हमधल्या नव्या आवृत्त्यांत ती बदललेली असते. शब्दकोशात शब्द सापडला नाही तर आधी स्पेलिंग जुनं आहे का ते बघा. यांत्रिक भाषांतर तर 'रोदिना' सरळ 'कुटुंब' करून टाकू शकतं, आणि मग लेखक कुटुंबाकडे परत जायला घाबरतोय असं वाक्य तयार होतं.

परवानगी लागते का?

भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. १९६३ मध्ये निधन, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या मूळ युक्रेनियन लेखनावरचा हक्क भारतात ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपला. 'माणूस दरीच्या काठाने धावतो' ही कादंबरी मात्र मरणोत्तर, १९६५ मध्ये निघाली. तिची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजायची, म्हणजे २०२५ अखेरपर्यंत.

इंग्रजीवरून मराठी करणार असाल तर गोष्ट वेगळी. भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा. लुत्स्की २००१ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या इंग्रजी मजकुरावर अजून कित्येक वर्षं हक्क आहे आणि परवानगी घ्यावी लागेल. शिवाय जर्मनीत मुदत ७० वर्षांची. मराठी भाषांतर छापील स्वरूपात फक्त भारतात विकायचं असेल तर मूळ युक्रेनियनवरून करायला अडचण नाही. जर्मनीतही विकायचं असेल तर २०३३ संपेपर्यंत वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी संमती घेऊन ठेवा.